अंगदा, मॅच थांबली नाही

अंगदा, तुझ्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. मारुतीच्या पारासमोर सतरंजी टाकली होती, खुर्चीत तुझा हार घातलेला फोटो होता, आणि जो उठेल तो हेच सांगत होता की अंगदनं आयुष्यात कुणाला दुखावलं नाही. मी मागं उभा राहून ऐकत होतो. मला दुखावलं होतंस की. दर उन्हाळ्यात, प्रत्येक मॅच संपली की ग्राऊंडपासून घरापर्यंत आपण भांडत यायचो आणि माझं दार आलं की तू गाडी थांबवून म्हणायचास, "उतर बे पत्रकवाल्या, भाकर खा. राहिलेलं उद्या भांडू." ते राहिलेलं आता कुणाशी भांडायचं, याचा तू काहीही विचार केला नाहीस.

केला असतास तर कावीळ झाल्यावर दवाखान्यात गेला असतास. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि तू गळ्यात झाडपाल्याची माळ घालून ओट्यावर बसला होतास. माळ जशी लांबत जाईल तशी कावीळ उतरते, असं मला समजावून सांगत होतास. मी म्हणालो, अंबाजोगाईला चल, आत्ता चल. तू म्हणालास, "मावशीनं लांबून आणलीय रे माळ. काढली तर तिला वाईट वाटंल. सोमवारी जाऊ." सुनीतावहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मावशीला वाईट वाटू नये म्हणून तू गेलास, अंगदा. डॉक्टर काहीही म्हणोत, मी तुझ्या मरणाचं कारण हेच धरतो. तुला 'न्हाई' म्हणता येत नव्हतं. मला त्याशिवाय दुसरं काही येत नाही. एवढ्या एका फरकावर आपली सगळी दोस्ती उभी होती.

आपलं पहिलं भांडण आठवतं का? तेव्हा आपल्या ग्राऊंडवर बाहेरगावची टीम यायला घाबरायची. ऊसतोडीहून माणसं परत आलेली, गाव भरलेलं, हाताला काम नाही, आणि संध्याकाळी, निम्मं शिवार ज्यांचं त्या मालकांच्या पडीक रानात फुटबॉल. आपलं सगळं सिरसाळा गाव बांधावर. पण मॅच बघायला येत होतं असं वाटायचं नाही, समोरच्यांच्या आयाबहिणी काढायला येत होतं असं वाटायचं. पाव्हण्या टीमच्या पोराला कॉर्नर मारायला बांधाजवळ जायचं म्हटलं तरी धडकी भरायची. एकदा एका टीमच्या टेम्पोवर दगड पडले होते.

मी पत्रक काढलं. तुला माहीत आहे, मी पत्रकांवर वाढलोय. बाप ऊसतोड मजुरांच्या संघटनेत, घरात चुलीवर भाजीच्या शेजारी पत्रकं चिकटवायची खळ शिजायची. बरोबर गोष्ट नीट लिहून माणसाच्या हातात दिली की माणूस बदलतो, हे मी देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवून मानत होतो. 'फुटबॉलप्रेमी प्रेक्षकांना जाहीर आवाहन' असा मथळा होता. क्रीडासंस्कृती, बंधुभाव, स्त्रीसन्मान, सगळं त्यात होतं. वाटून झाल्यावर मी ग्राऊंडला एक चक्कर मारली. निम्मे लोक पत्रक बुडाखाली घेऊन बसले होते, कारण ढेकळं टोचत होती. उरलेली पत्रकं शेंगदाणेवाल्यानं गोळा करून त्यांच्या पुड्या केल्या होत्या. तू तशीच एक पुडी घेऊन माझ्यासमोर आलास आणि एकेक दाणा तोंडात टाकत पुडीवरचं मोठ्यानं वाचायला लागलास. मग विचारलंस, "क्रीडासंस्कृती म्हंजी काय बे? खारट लागती का?"

मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. आज सांगतो, मला हसू आलं होतं. पण हसलो असतो तर तू जिंकला असतास.

मग तू माईक घेतलास आणि ती गोष्ट सुरू केलीस जिच्यावरून आपण तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत भांडलो. पाव्हण्यांचा टेम्पो आला की तू त्यांच्यात जाऊन उकिडवा बसायचास. एकेकाला विचारायचास, कुणाचा रे तू, आईचं माहेर कोणतं, बहीण कुठं दिली, आत्या कुठं नांदती. आपल्या भागात एवढं विचारलं की कुठं ना कुठं धागा सापडतोच. मग मॅच सुरू व्हायच्या आधी माईकवरून एकेक नाव. "सात नंबर, आपल्या ज्ञानोबाच्या मेहुण्याचा धाकला. नऊ नंबर, ह्याची मावशी आपल्या इथं खालच्या आळीला नांदती, ती बगा ती, पदर सावरायली." बांधावर एकदम गलका व्हायचा. मावशी खरंच पदर सावरायची. आणि त्यानंतर नऊ नंबरला आईवरून शिवी देणार कोण? ती आई त्या मावशीची बहीण, आणि मावशी चार हातांवर बसलेली.

पहिल्या वर्षीच शिव्या निम्म्यावर आल्या. दुसऱ्या वर्षी सगळ्यात घाण तोंडाच्या पोरांना तू हलग्या दिल्यास. म्हणालास, दोन्ही हात गुंतले की जीभ आपोआप थंड पडती. कोणत्याही टीमनं चांगला पास दिला की हलगी वाजलीच पाहिजे, असा तुझा हुकूम होता. त्या पोरांना मग खेळ बघावा लागला, कारण बघितल्याशिवाय वाजवणार कधी? वाजवता वाजवता त्यांना खेळ कळायला लागला. बायका यायला लागल्या. शाळेतल्या पोरी यायला लागल्या.

आणि मी तुला म्हणालो, हे चूक आहे.

तू गाडी रस्त्यातच उभी केलीस. "आता कावून चूक हाय?"

मी म्हणालो, सोयरेपण जातीत असतं. तू माणसाला शिवीतून वाचवतोस ते तो माणूस आहे म्हणून नाही, तो आपल्यातला आहे म्हणून. ज्याची आत्या सिरसाळ्यात नांदत नाही, ज्याला या बांधावर कुणी पोरगी देणार नाही, त्याचं काय? नांदूरघाटच्या टीमचा गोलकीपर लखन पारध्यांच्या वस्तीवरचा आहे. त्याला तू कुणाचा मेहुणा म्हणशील?

तू गाडी पुन्हा सुरू केलीस. मला वाटलं, जिंकलो. पुढं नांदूरघाटची टीम आली तेव्हा तू माईकवर म्हणालास, "एक नंबर, लखन. ह्याचं हितं कुणी सोयरं न्हाई. म्हणून ह्यो सगळ्या गावाचा पाव्हणा. ह्याला कुणी वाकडं बोललं तर त्यानं मपल्या दारात पाय ठिवायचा न्हाई." लोक हसले. त्या दिवशी लखनला कुणी काही बोललं नाही. त्यानं एक अवघड गोल अडवला तेव्हा आपल्या हलग्या त्याच्यासाठी वाजल्या.

घरी येताना मी म्हणालो, हा उपाय नाही, ही मेहेरबानी आहे. पाव्हणा म्हणजे उद्या जाणारा. तू म्हणालास, "मग तू लिही की पत्रक." मी अजूनही त्या मतावर आहे. तू मेलास म्हणून माझं मत बदलणार नाही. पण त्या संध्याकाळी लखन ज्या तऱ्हेनं आपल्या हलगीवाल्यांकडं बघत होता, तसं माझं एकही पत्रक वाचून कुणी कुणाकडं बघितलेलं नाही. हे मी तुला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, कारण तू लगेच गावभर केलं असतंस.

आता त्या मॅचचं. शोकसभेत तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून मी काढतो.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली फायनल. आपण आणि नांदूरघाट, बरोबरीत. शेवटची काही मिनिटं राहिलेली आणि नांदूरघाटला पेनल्टी मिळाली. त्यांचा कॅप्टन महारुद्र चेंडू ठेवून मागं सरकला. समोरच्या टीमच्या पेनल्टीला आपले लोक गप्प बसले होते, अंगदा. केवढी मोठी कमाई होती ती. आणि तेवढ्यात मालकांची गाडी आली.

तू माईकवर म्हणालास, खेळ थोडा वेळ थांबंल.

मग काय काय झालं ते मी तुला पुन्हा सांगणार, कारण तू प्रत्येक वेळी विषय बदललास. मालकांना फेटा बांधला. शाल झाली, श्रीफळ झालं. त्यांच्याबरोबर आलेल्या सगळ्यांच्या शाली झाल्या. मालकांनी भाषण केलं आणि फुटबॉल हा आपल्या मातीतला रांगडा खेळ असल्याचं सांगितलं. कुणीतरी उत्साहात नारळ गोलच्या खांबावर फोडला. मग कमिटीतला एकजण म्हणाला, मालकांच्या पायानं शुभारंभ होऊ द्या. संपत आलेल्या मॅचचा शुभारंभ. महारुद्रनं ठेवलेला चेंडू तिथंच होता. आपला गोलकीपर अदबीनं बाजूला झाला, मालकांनी चपलेसकट पाय मारला, चेंडू गडगडत जाळीत गेला. टाळ्या. फोटो.

तोपर्यंत महारुद्रचे पाय गार पडले होते. त्याला पुन्हा चेंडू ठेवायला सांगितलं. त्यानं तो आडव्या खांबावरून मारला. आणि इतका वेळ भाषणं ऐकून पेटलेली आपली गर्दी सुटली. मालकानं मारला, तुला मारता येईना, इथून सुरू झालं आणि त्याच्या आईवर जाऊन थांबलं. तू माईकवरून ओरडत होतास, पण तोवर तुझ्या आवाजाला वजन उरलं नव्हतं. ते तूच शालीत गुंडाळून देऊन टाकलं होतंस.

मॅच बरोबरीतच सुटली, आणि नांदूरघाटची पोरं वाटून मिळालेली बक्षिसाची ढाल न घेता टेम्पोत बसली. महारुद्र तुझ्यापाशी येऊन एवढंच बोलला, "अंगदभाऊ, आमी पाव्हणे व्हतो ना?"

तू माईकची वायर गुंडाळायला लागलास.

दिवाळीपर्यंत मी तुझ्या घरी आलो नाही. मग तूच आलास, आईच्या हातचा चिवडा खाल्लास आणि जाताना म्हणालास, रान मालकाचं हाय, न्हाई म्हणलं की दुसऱ्या दिवशी नांगर. मी म्हणालो, मग रस्त्यावर खेळू. तू म्हणालास, "रस्त्यावर पोरं खेळतील रे. गाव कुठं बसंल?" मी तुला लाचार म्हणालो. तू चप्पल घातलीस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास. तुला रागावताही येत नव्हतं धड.

पुढच्या उन्हाळ्यात नांदूरघाट आलं नाही. तू निरोपावर निरोप धाडलेस. यंदा स्वतः जाणार होतास, पण तोवर गळ्यात माळ आली.

तर ऐक. तुझा दहावा झाल्यावर कमिटीनं ठरवलं की तुझ्या नावानं एक मॅच घ्यायची. मी म्हणालो, घ्यायची तर नांदूरघाटशी. आणि मी गेलो नांदूरघाटला. महारुद्र पंक्चरच्या दुकानात भेटला, हात ट्यूबमध्ये, मान वर केली नाही त्यानं. तू गेल्याचं त्याला माहीत होतं. चहा मागवला, प्यायलो, मग म्हणाला, येतो, पण एक अट हाय. "कोण बी येऊ द्या, मॅच थांबायची न्हाई. शब्द देता?"

मी दिला. तो म्हणाला, तुमचा शब्द का गावाचा? मी खरं ते सांगितलं. माझा. गावाचा द्यायला मी अंगद नाही. त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि चालंल म्हणाला.

मॅचच्या दिवशी माईक माझ्या हातात होता. मी पाव्हण्यांना आत्या-मावश्या विचारायला गेलो नाही. तत्त्व ते तत्त्व. नाव, नंबर, खेळायची जागा, एवढंच सांगितलं. बांध थंड. हलग्या आडव्या पडलेल्या. पहिल्या हाफमध्येच गोलमागून कुणीतरी लखनला त्याच्या जातीवरून बोललं. मी खेळ चालू असतानाच माईकवर सुरू झालो, की प्रत्येक खेळाडू हा प्रथम माणूस आहे, जातिवाचक बोलणं हा गुन्हा आहे, आणि सुज्ञ प्रेक्षकांनी... तेवढ्यात गोलमागून कुणीतरी ओरडलं, "आवाज बारीक कर बे, मॅच बगू दे." लोक हसले. शिवी देणाराही हसला. माझं तोंड तुला दिसायला हवं होतं. तू आठवडाभर त्याच्यावर जगला असतास.

शिवी बंद केली ती कौसाबाईनं. तिचा मुलगा आपल्याकडून डावीकडं खेळतो, म्हणून ती बायकांच्या पुढं बसते. ती उठून गोलमागं गेली आणि त्या पोराच्या समोर उभी राहून साध्या आवाजात म्हणाली, "अंगद काय सांगून गेलाय? त्यो गावाचा पाव्हणा हाय. तुला अंगदच्या दारात पाय ठिवायचा न्हाई का?" मग तीच खाली वाकली, एक हलगी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

मी माईक बंद केला. मला तुझा इतका राग आला. माणूस मातीत जातो आणि त्याची खोड अशी बांधावर बसून राहते.

दुसऱ्या हाफमध्ये मालक आले. नांदूरघाट एका गोलानं पुढं होतं आणि आपली पोरं जीव तोडून चढत होती. कमिटीवाले फेटा आणि शाली घेऊन धावले. एकजण माझ्याकडं पळत आला, थांबव म्हणाला. तुझ्या श्रद्धांजलीचे दोन शब्दही मालक तेव्हाच बोलणार होते. तुझ्यासाठी थांबवायची म्हणत होते, अंगदा. मला क्षणभर वाटलं, तू वरून कुठून तरी, जाऊ दे रे, म्हणतोयस. मी माईक सुरू केला आणि म्हणालो, मालकांचं स्वागत आहे, खेळ चालू राहील.

एवढंच वाक्य. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्रक.

मालक रेषेच्या आत दोन पावलं येऊन उभे राहिले. सवयच तशी, ते उभे राहिले की सगळं थांबतं. रेफरी माझ्याकडं बघत होता. पोरं पळायची मंद झाली. बायकांच्या बरोबर समोर मालक उभे, मागं हात बांधून. आणि कौसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मालक, बसा की वाईच. पोरगं दिसंना मपलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच दिसत नव्हतं. मागून आणखी दोघीतिघी म्हणाल्या, बसा मालक, हिकडं जागा हाय. कुणीतरी सरकून सतरंजीचं टोक मोकळं केलं. मालकांनी इकडं तिकडं बघितलं आणि बसले. अंगदा, मालक सतरंजीवर बसले आणि मॅच थांबली नाही.

आपण हरलो. लखननं शेवटी शेवटी एक चेंडू असा अडवला की कौसाबाईच्या मुलानं डोकं धरलं, आणि हलग्या वाजल्या. महारुद्रनं ढाल घेतली. माझ्या हातात हात दिला. मालक त्याच्या आधीच निघून गेले होते, फेट्याविना.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी तुला लिहिलं नसतं, थेट पत्रक काढलं असतं.

त्याच आठवड्यात रानात नांगर घातला. औंदा ऊस लावायचाय, असा निरोप आला. मालक रागावलेत असं कुणी म्हणालं नाही. रान त्यांचं आहे, ऊस लावायचा त्यांना हक्क आहे, कायद्यानं मला तोंड उघडायला जागा नाही. आता गाव माझ्याकडं बघतं. तोंडावर कुणी काही बोलत नाही. हलगीवाली पोरं संध्याकाळी बांधावर येऊन बसतात आणि ढेकळांकडं बघत राहतात. काल कौसाबाईनं विचारलं, "आता आमी कुठं बसायचं?" तोच प्रश्न. तू विचारला होतास तेव्हा मी तुला लाचार म्हणालो होतो. तिला काय म्हणू?

तू असतास तर मालकांच्या वाड्यावर गेला असतास, पायरीवर बसून चहा प्यायला असतास आणि रान घेऊन आला असतास. आणि त्याच्या बदल्यात पुढच्या पेनल्टीच्या वेळी काय देऊन आला असतास, हे मला पक्कं माहीत आहे. तू रान राखलंस आणि नांदूरघाट घालवलंस. मी नांदूरघाट परत आणलं आणि रान घालवलं. आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो, आणि त्यातला निम्मा सोमवारची वाट बघत बसून राहिला.

सुनीतावहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्यांना न्हाई म्हणता येत नव्हतं, तुमाला व्हय म्हणता येत न्हाई. मालकाला खुर्ची तरी देऊन बगा."

तर उद्या सकाळी मी मालकांकडं जातोय. कौसाबाई बरोबर येणार आहे, हलगीवाल्या पोरांपैकीही दोघं येतायत. माझं काय सांगायचं ते ठरलंय. लावणीपर्यंत रान द्या, ढेकळं आम्ही फोडू, आणि पुढं नदीकडचा मुरमाड तुकडा द्या, ज्यात तुम्हालाही काही पिकत नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी या, पहिली खुर्ची तुमची. फेटा, शाल, भाषण, काय करायचं ते हाफ टाइमला करू, मी स्वतः माईकवर नाव घेईन. चेंडू फिरायला लागला की मग मात्र कुणासाठी थांबणार नाही, तुमच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. नाही म्हणाले तर परवा पुन्हा जाईन. चहा दिला तर पिईन.

याला तडजोड म्हणू नकोस. म्हणायला तू नाहीस, आणि माझा सगळा राग त्या एवढ्या एका गोष्टीचा आहे.